बघितल्याचा वाटा

हैदराबाद राज्याचे वाटे घातले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे. बीदर म्हैसूरकडं गेलं, उदगीर मुंबईकडं, जहिराबाद आंध्राकडं. माझ्या चुलत्याचं शेत एका राज्यात राहिलं आणि बैल बांधायचा गोठा दुसऱ्यात. वाटे घालणं हाच माझा धंदा होता. माझ्या हातून असे वाटे कधी पडले नाहीत, की मांडी एकाला आणि तिचं हाड दुसऱ्याला.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी वनखात्यातले थरारक अनुभव मागितलेत. वाघ असला तर उत्तम, असंही सुचवलंय. मी वाघ पाहिला तो मेलेला, बैलगाडीत घातलेला, आणि वाघाचे वाटे नसतात म्हणून माझा त्याच्याशी संबंध आला नाही. माझा संबंध जास्ती करून बदकांशी. ज्यांना वाघच हवा असेल त्यांनी पुढचा लेख वाचावा.

आमच्या गावाला औरादच्या वाटेवर एक तळं आहे. तळ्याच्या पोटातच बाभळीचं बन आहे. पाणी चढलं की त्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात. थंडीत तिथं उत्तरेकडून बदकं येत, करकोचे येत, आणि त्यांच्या पाठोपाठ हैदराबादहून साहेबलोक येत. तळं, बाभळी, पाखरं आणि आम्ही, सगळे जहागीरदारसाहेबांच्या मालकीचे. साहेबलोक बांधावरच्या आडोशांत बंदुका घेऊन बसत. गावातली माणसं पलीकडच्या काठानं डबे आणि हलग्या बडवत, आरोळ्या ठोकत बनात शिरत. पाखरं भिऊन उठत, ती नेमकी आडोशांवरून जात, आणि बंदुका वाजत. याला हाका म्हणायचं. हाका करणारे ते हाकारे.

हाकाऱ्यांना मजुरी नव्हती, वाटा होता. हाका संपला की ते बांधावर ओळीनं बसत आणि वाटा हातात पडल्याशिवाय उठत नसत. तोवर पाहुण्यानंही उठायचं नाही. वाट्याआधी पाहुणा उठला तर पुढच्या हाक्याला गावातलं कुत्रंसुद्धा येणार नाही, असा रिवाज होता. मोठमोठे नवाब पाय अवघडून बसलेले मी पाहिलेत.

वाटे घालणारा तो मुकादम. माझ्याआधीचे सगळे मुकादम काळजाचे तुकडे लांबवताना सापडले. शेवटी जहागीरदारसाहेब वैतागून म्हणाले, "गावात कुणी न खाणारा आहे का?" न खाणारं म्हणजे आमचं घर. आम्ही लिंगायत. वडील वारलेले, घरात ज्वारी खाणारी तोंडं भरपूर आणि ज्वारी बेताची. अशा रीतीनं गळ्यात लिंग, कपाळाला विभूती लावून मी शिकारखान्याचा मुकादम झालो.

मांसाला मी कधी हात लावला नाही. माझ्या हातात वेताची काठी असे. काठीनं दाखवायचं, "इथं काप," आणि कापणारा कापायचा. तराजू नव्हता. नजरेनं तोलायचं. कुठल्या पाखराच्या छातीला किती भर आहे आणि कुठलं नुसतंच पिसांनी फुगलंय, हे मला लांबून कळे. चव विचाराल तर ठाऊक नाही. गाणं न ऐकता तबला लावून देणारा माणूस जसा असेल तसा मी होतो.

वाटे मांडून झाले की सायबण्णा त्यांच्याकडं पाठ करून उभा राही. सायबण्णा हा हाकाऱ्यांचा म्होरक्या. उंच, काळाकभिन्न, आवाज असा की त्याला हलगीची गरज नव्हती. मी एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारायचो, "हा कुणाचा?" तो न बघता एक नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचा वाटा. तक्रारीला जागा नाही. तक्रार करायचीच तर सायबण्णाच्या पाठीशी जाऊन करा.

घरी गेलो की अव्वा दारात आडवी. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अंगणात घंगाळ भरलेलं असे, आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. तळ्यावर पाखरं थंडीतच येतात, तेव्हा ते पाणी कसलं असेल याचा विचार करा. "पोटासाठी करायलास, कर," ती म्हणायची. "पण तो वास माझ्या देव्हाऱ्यापातुर नको आणू." शिकारखान्याच्या सगळ्या वर्षांत मी शिकारीच्या दिवशी सुक्या अंगानं घरात शिरलो नाही. मनातून ते फार लागायचं. साहेबलोक माझ्या इमानाची तारीफ करत, आणि माझी आई मला दारात उभं करत असे.

मग निजामावर पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत बीदरकडं काय काय झालं, ते सणाच्या अंकात लिहिण्याजोगं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. एवढंच लिहितो, की बंदुका सरकारजमा झाल्या आणि ते फार बरं झालं. पाठोपाठ जहागिरी गेल्या. जहागीरदारसाहेब हैदराबादेत जाऊन राहिले. तळं आणि बन वनखात्याकडं आलं, आणि त्या दोहोंबरोबर अडगळीत मीही आलो. कागदोपत्री मी रखवालदार झालो. गाव मुकादमच म्हणत राहिलं.

सरकारनं बंदुका घेतल्या, पण शिकाऱ्यांचा रविवार काही घेतला नाही. तो त्यांच्या अंगावर आला. बीदरचे व्यंकटराव वकील जहागीरदारांच्या काळातले नामांकित नेमबाज. बंदूक गेल्यापासून त्यांची भूक गेली होती म्हणे. त्याच सुमारास पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर बीदरच्या दवाखान्यात बदलून आले. त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं, की प्रगत देशांत आता पाखरं मारत नाहीत, बघतात. वकीलसाहेबांनी विचारलं, "बघून पुढं काय करतात?" डॉक्टर म्हणाले, "पुढं काही करत नाहीत." वकीलसाहेबांना हे पटायला फार वेळ लागला. पण दुसरा इलाज नव्हता. अशा तऱ्हेनं बीदरला पक्षीमंडळ निघालं. वकीलसाहेब अध्यक्ष, डॉक्टर चिटणीस, आणि सभासद म्हणून एकूण एक जुने बंदूकवाले. लष्करी मोडीतून एक दुर्बीण घेतली. सगळ्यांत मिळून एकच.

त्यांची पहिली फेरी मी विसरणार नाही. वकीलसाहेब जुन्याच आडोशात, जुन्याच खाकी कपड्यांत बसले. दुर्बीण हातात आल्यावर त्यांनी सवयीनं डावा डोळा मिटला. एक बदक उठलं. त्याच्यापुढं हातभर अंतर ठेवून ते दुर्बीण सरकवत गेले आणि एकदम ओरडले, "लागलं!" बदक निवांत पलीकडं जाऊन बसलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं ते खरं होतं, म्हणून मी हसलो नाही.

डॉक्टरांजवळ पाखरांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते मला विचारायचे, "मुकादम, ते तांबूस दिसतंय ते कोणतं?"

"दोन वाट्यांचं," मी सांगायचो.

"आणि ते लहान, पांढऱ्या कपाळाचं?"

"ते वाट्याचं नाही. ते वर टाकायचं. तूट भरायला."

डॉक्टर हताश होत. पण मंडळाच्या इतर सभासदांना माझीच भाषा कळायची. "आज चार वाट्यांची पुष्कळ आलीत," असं एकानं म्हटलं की बाकीचे माना डोलवायचे आणि आवंढा गिळायचे.

पाखरं बघून झाली की मंडळाला दुसरा उद्योग हवा होता. डॉक्टरांच्या मते राखीव जागा स्वच्छ पाहिजे. मग श्रमदान निघालं. काठचा लव्हाळा गबाळ दिसतो म्हणून कापला. बाभळींच्या खोडांना पुरुषभर उंचीपर्यंत चुना फासला आणि त्यावर गेरूचा पट्टा ओढला, कचेरीसमोरच्या झाडांना ओढतात तसा. पाखरांच्या विष्ठेनं पांढरे झालेले दगड घासून काळे केले आणि वाटेकडचे काळे दगड चुन्यानं पांढरे केले. चुना मीच कालवला. सरकारी असल्यामुळं हात आखडला नाही. त्या साली बदकांनी वरून दोन घिरट्या घातल्या, आणि खाली कचेरी उघडलीय असं समजून ती तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. पुढच्या पावसानं चुना धुतला तेव्हा कुठं ती बनाकडं परतली. वनखात्यात मी पुढं बरीच वर्षं काढली. त्या अनुभवावरून सांगतो, राखीव जागेचं निम्मं राखणं पावसावर सोडावं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. एका थंडीत बातमी आली की खातं बाभळीच्या बनाचा लिलाव करणार. बाभळीचा कोळसा उत्तम होतो. मंडळानं हैदराबादला अर्ज करून हरकत घेतली. उत्तर आलं की मोठे साहेब स्वतः येऊन बघतील. मंडळ म्हणतं तशी पाखरं दिसली तर बाभळी राहतील, नाही दिसली तर बाभळींना कुऱ्हाड लागेल.

मला झोप लागेना. पाखरांवर माझं प्रेम होतं असं तेव्हा मी म्हटलं नसतं. पण त्या बनाच्या सावलीत माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. संध्याकाळी बगळे येऊन बसले की बन पांढरं होई, आणि ते मोजदाद न करता नुसतं बघत मी बांधावर विडी संपवत असे. बाभळी गेल्या तर तिथं उघडं पाणी राहणार. उघड्या पाण्याला रखवालदार कशाला? अव्वा थकली होती, लेकरं लहान होती, आणि वाटे घालण्याशिवाय मला दुसरी विद्या येत नव्हती.

मंडळाची तातडीची सभा आडोशातच भरली. वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "साहेब आले आणि पाखरं झाडीत दडून बसली तर? शोभा होईल. हाका लावा!"

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण पक्षीनिरीक्षणात हाका नसतो."

"पाहुणा हैदराबादचा. त्याला काय पाण्याकाठी बगळ्यासारखं बसवून ठेवायचं? मुकादम, सायबण्णाला सांगा."

मी सायबण्णाकडं गेलो. तो दारात दोरखंड वळत होता. बंदुका गेल्यापासून हाका झाला नव्हता, आणि हाका नाही म्हणजे वाटा नाही.

"बंदुका परत आल्या का काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग हाका कामून?"

"साहेब पाखरं बघायला यायलेत."

"बघायला हाका?" त्यानं दोर खाली ठेवला. "डोळे हायत की त्यास्नी. पाखरं काय पडद्यात बसायलीत व्हय?"

"वकीलसाहेबांचा हुकूम हाय, अण्णा."

"बरं. हुकूम तर हुकूम. वाटा काय?"

इथं मी गडबडलो असतो तर शोभलं असतं. पण जुन्या सवयीनं माझ्या तोंडून जुनंच उत्तर गेलं, "जे मिळंल त्यातला. रिवाजापरमाणं."

"झालं तर मग," सायबण्णा म्हणाला आणि हलगी शेकायला उठला.

साहेब जीपनं आले. सुटाबुटातला, भला पण घाईतला माणूस. त्यांना मधल्या आडोशात बसवलं. एका बाजूला वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला डॉक्टर पुस्तक उघडून. बनात पाखरं गच्च होती. साहेबांनी नुसती मान वळवली असती तर दिसली असती. पण वकीलसाहेबांनी त्यांना मान खाली घालायला लावली, आणि रुमाल हलवला.

हाकाऱ्यांनी किती वर्षांची भूक साठवून ठेवली होती कोण जाणे. डबे वाजले, हलग्या वाजल्या, आणि सगळ्यांवर सायबण्णाची आरोळी. सगळं तळं एका दमात उठलं. बदकं, करकोचे, बगळे, पाणकावळे, सगळे एकात एक मिसळून आडोशांवरून गेले. वरून काय काय पडलं ते लिहीत नाही. साहेबांच्या टोपीनं बरंच झेललं. वकीलसाहेबांचं भान गेलं. हातातली काठी खांद्याला लावून ते "मारा! मारा!" ओरडत होते. डॉक्टरांचं पुस्तक चिखलात पडलं. दुर्बीण साहेबांच्या हातात होती, पण तिच्यात त्यांना फक्त आभाळ दिसलं, तेही हलणारं.

मग सगळं शांत झालं. तळं कोरं करकरीत. एक पाणकोंबडी राहिली होती, तीही लाजल्यासारखी झाडीत शिरली.

साहेबांनी टोपी पुसली. "कौन कौन से परिंदे थे?"

वकीलसाहेब म्हणाले, मोठे होते. डॉक्टर म्हणाले, अनेक जातींचे होते. साहेब माझ्याकडं वळले. मी हिशेब केला तेवढा सांगितला, "हुजूर, सगळ्या गावाला पुरून उरले असते."

"अब कहाँ हैं?"

याचं उत्तर आभाळाकडं होतं. साहेब उठले. खाली एकही पाखरू नसलेलं तळं आणि त्यात उभ्या जाडजूड बाभळी त्यांनी एकदा नीट पाहून घेतल्या. ती कोळशाची नजर होती. मी पुष्कळ ठेकेदारांच्या डोळ्यांत ती पाहिली होती. डॉक्टर चष्मा पुसत राहिले आणि वकीलसाहेब काठी पाठीमागं लपवत राहिले.

साहेब जीपकडं निघाले, पण जीप बांधावर होती आणि बांधावर हाकारे ओळीनं येऊन बसले होते. चिंब भिजलेले, काट्यांनी ओरबाडलेले. बांध एवढासा रुंद. त्यांना उठवल्याशिवाय जीप हलणार नव्हती.

"ये लोग क्यों बैठे हैं?" साहेबांनी विचारलं.

"वाट्यासाठी," मी म्हणालो, आणि रिवाज सांगितला. वाट्याआधी पाहुण्यानं उठायचं नाही हेही सांगितलं.

वकीलसाहेब पुढं झाले. "अरे सायबण्णा, शिकार झाली नाही! वाटा कशाचा देऊ?"

"मग काय झालं, सायेब?"

"बघणं झालं."

सायबण्णानं मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मग बघितल्याचा वाटा द्या. जे मिळंल त्यातला, असं मुकादम बोललेत. मुकादमाचा शबूद आजपातुर खाली पडला न्हाई."

ओळीतून "व्हय, व्हय" असं उठलं. भल्याभल्या साक्षीदारांची उलटतपासणी करणारे वकीलसाहेब, पण याच्यावर त्यांना प्रश्न सुचेना. साहेब मात्र हसले. घाईतला माणूस होता, पण हैदराबादचा होता. पंक्तीतून मधेच उठणं त्याच्याही रक्तात नव्हतं. ते परत खाली बसले आणि म्हणाले, "चलो मुकादम, बाँटो."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. आजवर मी हरणाचे वाटे घातले, रानडुकराचे घातले. बघण्याचा वाटा कसा पाडायचा? दुर्बीण एक आणि माणसं बांधभर. कुणी जास्त बघितलं, कुणी कमी, तर माझ्या धंद्याची अब्रू गेली. मी थोडा विचार केला. मग काठी टेकून जाहीर केलं, की ज्याचं नाव निघेल त्यानं दुर्बीण डोळ्याला लावायची आणि श्वास रोखायचा. श्वास रोखलेला असेल तोवर वाटा. श्वास सुटला की वाटा संपला. आणि कुणी बोलायचं नाही, कारण बोलण्यानं दुसऱ्याचा श्वास मोडतो. सायबण्णा म्हणाला, "न्यायाचं हाय." तो तळ्याकडं पाठ करून उभा राहिला.

"हा कुणाचा?"

"मष्णाजीचा."

मष्णाजीनं दुर्बीण लावली. त्याला नुसतं पाणी दिसलं. रिकामा वाटा पदरात पडल्यासारखा तो परत जाऊन बसला. दुसऱ्याला बाभळ दिसली. तिसऱ्याला टिटवी दिसली. पोहण्यात पटाईत असलेला एक गडी होता, त्याचा श्वास सुटता सुटेना. बाकीचे दात ओठ खात बसले, पण वाटा म्हणजे वाटा. ज्याच्या नशिबी मोठा त्याला मोठा.

असं चाललं होतं. उन्हं कलली. सगळा बांध गप्प बसला होता. हाकारे, मंडळ, साहेब, जीपचा ड्रायव्हर, सगळे ओळीत, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पक्षीमंडळ निघाल्यापासून मंडळाचे सभासद एवढा वेळ तोंड मिटून एका जागी पहिल्यांदाच बसले होते. आणि पाखरं परत यायला लागली.

आधी बगळे आले, बाभळींच्या शेंड्यांवर. मग पाणकावळे आले आणि पंख उघडून वाळवत बसले. मग बदकं, थव्यामागून थवे, वरून कललेली, पाण्याला पाय लावून घसरत येणारी. आमच्यापासून इतक्या जवळ, की पंखांचा आवाज ऐकू येत होता. बन भरलं, तळं भरलं. कुणी हललं नाही. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुस्तक चिखलात पडलं होतं तरी त्यांनी ते उचललं नाही.

सायबण्णानं स्वतःचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या जागी मी पाठ करून उभा राहिलो. त्यानं दुर्बीण लावली आणि इतका वेळ श्वास रोखून धरला, की मला वाटलं जीवही गेला. मग त्याचा श्वास सुटला.

"मुकादम," तो हळूच म्हणाला, "जलमभर ह्यांच्या मागं पळालो. नुसत्या शेपट्या बघितल्या. ह्यास्नी तोंडबी हाय की."

"कसलं हाय?"

"आमच्या धाकल्या मामासारखं. जरा रुसल्यावानी."

मग वकीलसाहेबांचा वाटा झाला. दम्यामुळं तो सगळ्यांत लहान पडला. पण या वेळी त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले होते. शेवटी साहेबांचं नाव निघालं. त्यांनी पुरेपूर वाटा घेतला, टोपी काढून घेतला. मग उठून वकीलसाहेबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आपका हाका बहुत उम्दा है." मग मराठीत म्हणाले, "बाभळी राहू द्या. हाक्यानं पाखरं उठवायची तर ती कुठंतरी बसलेली असायला पाहिजेत."

इतकी नीट बघूनही साहेबांना यश हाक्याचंच वाटलं. आम्ही कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. बाभळी राहिल्या, एवढं मला पुरे होतं. पुढच्या वर्षी मंडळानं मोठ्या दिमाखात पुन्हा हाका ठरवला, तर हाकारे हलग्या घरी ठेवून आले आणि सरळ बांधावर ओळीनं बसले. सायबण्णा म्हणाला, "हाका कशाला, सायेब? एकदम वाटाच घालू." त्यानंतर तीच रीत पडली. वकीलसाहेबांची बंदूक काही वर्षांनी परत मिळाली. ती त्यांनी बैठकीत खिळ्याला टांगली, आणि थंडीत काठी टेकत वाट्याला येत राहिले. मग राज्याचेच वाटे झाले आणि मंडळी तीन दिशांना पांगली. डॉक्टर जाताना दुर्बीण मागे ठेवून गेले. ती फुटेपर्यंत बांधावर फिरत होती. आज तिथं मोठी पाटी आहे, सिमेंटचे बाक आहेत, आणि बाकांवर बसून लोक मोठमोठ्यानं बोलतात. पाखरं पलीकडच्या टोकाला बसतात.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळ्यांचे वाटे झाले, जीप निघायच्या तयारीत होती. मी दुर्बीण पुसून तिच्या पेटीत ठेवायला लागलो. सायबण्णा मात्र तळ्याकडं पाठ करून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता.

"मुकादम, अजून एकदा विचारा की."

"काय विचारू? सगळ्यांचं झालं."

"विचारा तर."

मी काठी टेकवली. "हा कुणाचा?"

"शिवप्पाचा," तो म्हणाला. "ह्यात मांस न्हाई, अप्पा. घ्या."

इतक्या वर्षांत माझं नाव त्या पाठीकडून कधी आलं नव्हतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली. मला काय दिसलं ते नीट सांगता येणार नाही, कारण काचा मधेच धूसर झाल्या. एक तांबूस बदक पाण्यात मान वाकवून आपलीच छाती विंचरत होतं. दोन वाट्यांचं. ते कापायचं कुठं, हे मला आठवलं नाही.

घरी गेलो तेव्हा अंधार पडत होता. अव्वानं हलग्या ऐकल्या होत्या. घंगाळ भरून ती दारात उभी होती. मी पायताण काढलं, सवयीनं सदरा काढला आणि घंगाळापाशी जाऊन उभा राहिलो.

"काय वाटलं आज?" तिनं विचारलं.

"पाखरं."

"किती मेली?"

"एकबी न्हाई, अव्वा. सगळ्यांनी बघितली. मला बी वाटा मिळाला."

ती माझ्याजवळ आली. खांद्यापाशी नाक नेऊन तिनं वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा. मग वाकून ते घंगाळ तिनं तुळशीत ओतलं.

"मग हितं कामून कुडकुडायलास?" ती म्हणाली. "आत ये."